लक्ष्मीपूजनाला खिचडी

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुगाची खिचडी असते. सोबत ताकाची कढी, भाजलेला पापड, लिंबाचं लोणचं आणि वरून साजूक तूप. बस्स. पुरण नाही, मसालेभात नाही, दोन भाज्या नाहीत. २०१२ पासून हे असंच चाललंय आणि नातेवाईकांत आमचं घर त्यावरून पुरेसं बदनाम आहे.

यंदा या विषयाला नव्याने धार आली आहे. भावाच्या मुलीचं लग्न वैशाखात झालं आणि तिचा दिवाळसण आमच्याकडे, देवळाली कॅम्पला आहे. (भाऊ पुण्यात दोन खोल्यांत राहतो, आई इथे असते, आणि आजीचं जुनं घर सगळ्यांना पुरतं, म्हणून.) गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाली, "जावयाला पहिल्या दिवाळीला खिचडी वाढणार आहेस का गं?"

हो आत्या, वाढणार आहे. का, ते इथेच सविस्तर लिहिते, म्हणजे प्रत्येकाला वेगळा फोन करायला नको :-)

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. सणाला घर हवं तेवढं सजवा. कंदील, तोरणं, रांगोळ्या, पणत्या, मुलांचा किल्ला, काही म्हणजे काही कमी करू नका. पण त्या दिवशीचा स्वयंपाक एका पातेल्यात होईल इतका सोपा ठेवा. सजावट हे सगळ्या घराने मिळून करायचं काम आहे. सणाचा स्वयंपाक मात्र बहुतेक घरांत एकाच माणसाला आत कोंडून ठेवतो. आणि तो माणूस कोण असतो हे मी सांगायला नकोच.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की ही नवीन पिढीची थेरं, परंपरा बुडाली. म्हणून आधी परंपरेकडेच बघूया.

लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य काय असतो? धणे आणि गूळ. साळीच्या लाह्या आणि बत्तासे. यातला एकही पदार्थ त्या संध्याकाळी घरात रांधावा लागत नाही. सहाच्या सुमाराला सूर्यास्त होतो, प्रदोषकाळात पूजा करायची, त्याच वेळी दारात दिवे लावायचे. ज्याने कुणी हा नैवेद्य ठरवला, त्याला त्या दोन तासांत घरात किती धांदल असते हे नक्की ठाऊक असणार. साक्षात लक्ष्मी लाह्या-बत्ताशांवर खूश आहे. हट्ट आहे तो आपला.

गौरींचं बघा. घरात सजावटीचा कळस होतो तो गौरी-गणपतीत. मुखवटे, साड्या, दागिने, मखर, समोर फळं आणि फराळाची आरास. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आहेच, पण गौरी ज्या संध्याकाळी घरात येतात त्या दिवशी कितीतरी घरांत त्यांना भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. माहेरी आलेल्या, प्रवासातून दमून आलेल्या मुलीला आपण काय वाढू? तेच. आणि ज्यांनी दिवसभर आरास मांडली त्यांनाही तेच.

आमच्याच गावातलं सांगते. टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला काय लागतं? वांग्याचं भरीत आणि रोडगा, नाहीतर बाजरीची भाकरी. वांगं विस्तवावर टाकायचं, सोलायचं, कालवायचं. चातुर्मासात कांदा-वांगं बंद ठेवणारी घरं मुळी या दिवसाची वाट बघत असतात. देवाचा एवढा मोठा दिवस, आणि पदार्थ मात्र शेतातल्या माणसाच्या न्याहारीचा!

आणि गोव्यातली दिवाळी? नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळून झाला की घराघरांत पोहे. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळाचे, बटाट्याचे. तिकडे त्यांना फोव म्हणतात. दिवाळी म्हणजेच फोव. प्रकार पाच-सहा असतात हे खरं, पण एकालाही चुलीसमोर तासभर उभं राहावं लागत नाही.

पण मला सगळ्यात आवडतो तो पारशी लोकांचा शहाणपणा. देवळालीत हवापालटासाठी पारशी फार पूर्वीपासून येत आले. लॅम रोडच्या बाजूला जुने बंगले, सॅनिटोरियमं, अग्यारी हे सगळं लहानपणापासून येता-जाता बघितलेलं. शुभदिवशी पारशी घराचा उंबरठा बघण्यासारखा असतो. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्या असतात, त्यांत पांढरी पूड भरून दारात ठसे उमटवतात. मासे, फुलं, वेली. चौकटीला ताज्या फुलांचं तोरण. आणि आत जेवायला काय, तर धान-दार! म्हणजे पांढरा भात आणि साधं पिवळं वरण, सोबत बहुतेक माशाचा नाहीतर कोळंबीचा पातियो. वाढदिवस असो, नवजोत असो, शुभदिवस म्हटला की धान-दार. आपण ज्याला "आज काही नाही, नुसता वरणभात" म्हणतो, ते त्यांचं सगळ्यात शुभ जेवण. आणि खरं म्हणजे आपल्याही नैवेद्याच्या पानात मधोमध असते ती साध्या वरणभाताची मूदच, वर तूप, शेजारी लिंबाची फोड. बाकी सगळं तिच्या भोवती नंतर जमत गेलं असावं असा माझा संशय आहे.

मग फराळाचं काय, असं विचाराल. तर फराळाबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट फराळामागची कल्पना मला फार हुशारीची वाटते. चकली, शेव, चिवडा, शंकरपाळी हे सगळे कोरडे, तळलेले, टिकणारे पदार्थ. आधीच करून डबे भरून ठेवायचे, म्हणजे ऐन सणाच्या दिवसांत चुलीपाशी जावंच लागू नये. डबे आपण ठेवले, पण त्यामागची सुट्टी हरवली. डबे भरलेले असतानाही दुपारी साग्रसंगीत, रात्री साग्रसंगीत. अरे, मग ते डबे कशासाठी?

असो. हे झालं शास्त्र. खरं कारण वेगळंच आहे.

माझी आजी २०११ च्या श्रावणात गेली. ज्या दिवशी गेली त्या रात्री शेजारच्या वहिनींनी पिठलं-भात आणला. आपल्याकडे तशी रीतच आहे, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी आणतात. दुसऱ्या दिवशी समोरच्या सिंधी काकूंनी मोठ्या पातेल्यात कढी-चावल पाठवले. फाळणीनंतर देवळालीत जी सिंधी कुटुंबं येऊन स्थिरावली त्यांपैकी त्यांचं घर. बेसनाची, चिंचेची, भेंडी-बटाटा-शेवग्याच्या शेंगा घातलेली कढी. आम्ही सगळे रडून सुजलेल्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसलो होतो आणि ती गरम कढी पोटात गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी बोललं.

त्या वर्षी दिवाळी नव्हती. घरात तळण नाही, फराळ नाही. नातेवाईकांनी, शेजाऱ्यांनी डबे आणून दिले. कंदीलही नव्हता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईला काही कामच उरलं नाही. ती पडवीत येऊन खुर्चीवर बसली. गल्लीत दिवे लागत होते, पोरं टिकल्या फोडत होती. बराच वेळ बसून झाल्यावर म्हणाली, "संध्याकाळी इथून असं दिसतं होय." आई या घरात लग्न होऊन आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. त्या दिवाळीला साठीची. मधल्या सगळ्या दिवाळ्यांत दिवे लागायच्या वेळेला ती आत होती. दारातली ठिपक्यांची रांगोळी ती पहाटे काढायची आणि ती पणत्यांच्या उजेडात कशी दिसते हे आम्ही तिला आत जाऊन सांगायचो.

यात आजीचा दोष नाही हे मुद्दाम लिहिते. आजीनेही तिच्या सासूच्या काळात तेच केलं होतं, आणि आईचे पाय दुखायला लागल्यावर आजी स्वतः तिच्याशेजारी पाट घेऊन बसायची. पण मला त्या संध्याकाळी जे वाटलं ते अजून जात नाही. घरातल्या बाईला सणाच्या संध्याकाळी बाहेर बसायला मिळावं, यासाठी घरातलं कुणीतरी जावं लागलं.

आत्याचा मुख्य आक्षेप याच्याशीच जोडलेला आहे. ती म्हणते, साधं पिठलं-भात, खिचडी हे आजारपणातलं नाहीतर सुतकातलं जेवण, शुभदिवशी करू नये. मी यावर खूप विचार केला. सुतकात शेजारी पिठलं-भात का आणतात? कारण तो पटकन होतो, पोटाला जड होत नाही, आणि आणणाऱ्याला वाटत असतं की या घरातल्या बायकांवर आज कामाचा भार नको. आजारपणातली खिचडीही त्याच भावनेने केलेली. म्हणजे ज्या जेवणात सगळ्यात जास्त माया आहे ते आपण दुःखासाठी राखून ठेवलं आणि आनंदाच्या दिवशी मात्र कष्टाचं जेवण शुभ ठरवलं. हा हिशेब मला पटत नाही. एवढी माया दुःखात दाखवता येते तर सुखात का नको?

आकडेच हवे असतील तर तेही आहेत. केंद्र सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. ही साध्या दिवसांसकट काढलेली सरासरी. दिवाळीच्या आठवड्याचा आकडा ज्याने-त्याने आपल्या घरात घड्याळ लावून काढावा.

आता सजावटीकडे येते, कारण खिचडीचा खरा फायदा तिथे दिसतो.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली तेव्हा आमच्याकडे फारसं काही बदललं नाही, कारण आमचा कंदील बांबूचाच. ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कामट्यांचे सारख्या मापाचे बारा चौकोन करायचे. ते कोपऱ्याला कोपरा लावून दोऱ्याने बांधत जायचं. बारा चौकोन नीट बांधले गेले की त्यांच्यामध्ये आणखी सहा चौकोन आणि आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. लहानपणी मला ही जादू वाटायची, अजूनही वाटते. मग वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवायचा आणि बाकी सगळीकडे मैद्याची खळ लावून पतंगाचा कागद चिकटवायचा. मोजून चोवीस तुकडे. खाली झिरमिळ्या.

हे काम एकट्याने होत नाही. एकाने कोपरा धरायचा, दुसऱ्याने दोरा गुंडाळायचा. एक कागद कापणार, एक खळ लावणार, एक फाटलेला कागद लपवणार. पाच वर्षांच्या पोरापासून पंच्याहत्तरीच्या आईपर्यंत प्रत्येकाला काम आहे. तोरणाचंही तसंच. भगूरच्या बाजारातून झेंडू आणायचा, आंब्याची पानं निवडायची, ओवायला बसायचं. पणत्या सकाळी पाण्यात बुडवून ठेवायच्या, म्हणजे संध्याकाळी तेल पीत नाहीत. वाती वळायच्या. या सगळ्यात हात चालतात आणि तोंडही चालतं. घरातल्या जुन्या गोष्टी मुलांच्या कानावर पडतात त्या अशाच वेळी. आई आत असती तर यातलं निम्मं कुणी सांगितलंच नसतं.

आम्हा देवळालीकरांना यातलं थोडं फौजी कुटुंबांनीही शिकवलं असं मला वाटतं. घराच्या ओढीशी या गावाचं जुनं नातं आहे. मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथल्या छावणीत पडून असायचे आणि कंटाळून त्यांचं डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत वेड्यासाठी 'डूलाली' हा शब्द आला. गोरे गेले, तोफखाना राहिला. स्कूल ऑफ आर्टिलरीमुळे देशभरातली कुटुंबं इथे येतात. सरावाच्या दिवशी तोफांनी आमच्या खिडक्यांची तावदानं वाजतात, त्यापुढे दिवाळीच्या बॉम्बचं आम्हाला काय! ही कुटुंबं दोन-तीन वर्षांत बदली होऊन जाणार. त्यांची दिवाळी मी जवळून पाहिली आहे. एका काळ्या ट्रंकेत मावेल एवढी सजावट आणि एका कुकरमध्ये मावेल एवढा स्वयंपाक. पण संध्याकाळी नवरा-बायको-मुलं तिघंही दारात, दिवे लावताना. परक्या गावात, सरकारी घरात, पण सण पुरेपूर.

"अगं, पण काहींना मनापासून आवडतो मोठा स्वयंपाक," असं माझी मावसबहीण म्हणते. अगदी खरं. तिला आवडतो, ती सुगरण आहे आणि तिच्या अनारशांना माझा दंडवत आहे. ज्याला आवडतो त्याने जरूर करावा. माझा वाद आवडीशी नाही, सक्तीशी आहे. आणि आवड आहे की सवय आहे हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. एका दिवाळीला सोडून बघा. चुकल्याचुकल्यासारखं वाटलं तर पुढच्या वर्षी करा.

"मग बाहेरून मागव सगळं," असं भाऊ म्हणतो. तेही करून बघायला हरकत नाही. पण बाहेरच्या जेवणाचे डबे उघडताना घर सणाचं वाटत नाही, लग्नकार्याच्या दुसऱ्या दिवसाचं वाटतं. कुकरची शिट्टी, तुपात जिरं-हिंग तडतडल्याचा वास, पापड भाजल्याचा वास हे घराचंच हवं. एवढं तर अर्ध्या तासात होतं.

तर ही आमची खिचडी. एक वाटी जुना तांदूळ, पाऊण वाटी सालाची मूगडाळ. दोन्ही धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचं (हे दिवे लावायच्या आधी). पूजा झाली की कुकरमध्ये दोन चमचे तूप, त्यात जिरं, हिंग, कढीपत्ता, किसलेलं आलं, दोन हिरव्या मिरच्या, हळद. डाळ-तांदूळ परतायचे, पाच वाट्या गरम पाणी, मीठ, चवीला किंचित गूळ. चार शिट्या. नाशिककडचा काळा मसाला घातला तर झणझणीत होते, पण सणाला आम्ही साधीच ठेवतो. कढी दुसऱ्या शेगडीवर. शिट्या होईपर्यंत सगळे बाहेर, कुणीतरी एकजण आत. आणि तो एकजण दरवर्षी वेगळा, हा आमच्या घरचा नियम. गेल्या वर्षी माझ्या मुलाची पाळी होती. खिचडी थोडी खाली लागली. कुणीही काही बोललं नाही आणि खरवड सगळ्यांनी भांडून खाल्ली.

आता यंदाचं. जावईबापूंचा मान ठेवला जाईल, काळजी नसावी. पाडव्याला ओवाळणी होईल, बासुंदी-पुरीचा बेत होईल. बासुंदी विकतची आणि पुऱ्या लाटायला भाऊ, तळायला माझे यजमान, हे ठरलंय. पण लक्ष्मीपूजनाला खिचडीच. त्या मुलाला आमच्या घराबद्दल पहिली गोष्ट कळावी ती ही, की इथे दिवे लागताना आत कुणी राबत नसतं. आणि माझ्या भाचीला तिच्या नव्या घरी जाऊन हेच मागता यावं, "आमच्याकडे असंच करतात" असं बिनधास्त म्हणता यावं, यासाठी तिच्या पाठीशी माहेरची एक रीत असायला हवी. रीती काय, कुणीतरी सुरू केल्या म्हणूनच पडल्या ना?

तेव्हा आत्या, तू नरकचतुर्दशीलाच ये. तुझ्या हातचं मेतकूट घेऊन ये, खिचडीवर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कामट्या आणून ठेवल्या आहेत, बारा चौकोन बांधायचे आहेत आणि आईचे हात आता थरथरतात. दोरा घट्ट बांधायला तू हवी आहेस.